रविवारनंतरचे सहा दिवस

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की शहर संपता संपता चिकलठाणा लागतं. विमानतळ, एमआयडीसी, जुनं गाव, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि लोक ज्याला ‘मिनी घाटी’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालय, असं सगळं इथं जालना रोडच्या आजूबाजूला दाटलेलं आहे. ख्रिस्ती श्रद्धेवर लिहिताना कुणी हे ठिकाण डोळ्यांपुढे आणणार नाही. वसईची जुनी चर्चं, नगरची मिशनची आवारं, केडगावचं मुक्तिसदन किंवा हरेगावची मतमाउली आधी आठवेल. मी चिकलठाणा मुद्दाम घेतलं आहे, कारण मला विचारायचा प्रश्न उपासनेच्या दीड तासाचा नाही. रविवारी ‘सलाम’ घालून माणसं चर्चबाहेर पडतात आणि सोमवारी पहिल्या पाळीला कंपनीच्या गेटवर उभी राहतात. त्या सोमवार ते शनिवारात श्रद्धा कुठं दिसते, याचा हा आढावा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तरी मराठी माणसाच्या आयुष्यात मिशनचा दवाखाना, कॉन्व्हेंटची शाळा किंवा एखादी नर्स कुठंतरी येऊन गेलेली असते. या संस्थांबद्दल आदरानं बोललं जातं आणि संशयानंही. पण संस्था म्हणजे श्रद्धेचं साठवलेलं रूप. ती ज्या रोजच्या, साध्या, बिनबोभाट चांगुलपणातून उभी राहिली, त्याकडे आपण कमी पाहतो. त्याकडे पाहताना तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. सत्कर्म हा श्रद्धेचा भाग आहे की तिचं फळ? मदतीमागे धर्म वाढवण्याचा हेतू असतो का? आणि ज्याला मदत मिळाली त्याचं पुढं काय झालं? पहिल्या प्रश्नावर धर्मपंडितांनी शतकं घालवली, दुसऱ्यावर राजकारण तापलं. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घेणारा माणूस पुढं कधी देणारा झाला का, यावरच दिलेल्या मदतीची पारख होते.

पहिला प्रश्न लवकर उरकतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात म्हटलं आहे की कृतीवाचून विश्वास मेलेला असतो. शेजारी उघडा आणि उपाशी असताना त्याला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याला याकोब थेट जाब विचारतो. मार्टिन ल्यूथरला हे पत्र फारसं रुचलं नव्हतं. तारण विश्वासानं मिळतं, कर्माच्या हिशेबानं नाही, हा त्याचा आग्रह होता आणि त्याच्या काळातला पापक्षमापत्रांचा बाजार पाहता तो समजण्यासारखाही आहे. या वादापायी युरोप दुभंगला. पुढं १९९९ साली ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस देवाला भावतो तो कृपेनं, आणि त्या कृपेचं चांगल्या कामात उतरणं अटळ आहे, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. मराठी ख्रिस्ती माणसाला हे कळायला १९९९ ची वाट पाहावी लागली नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असं ते स्वतःच सांगत. वारकरी घरात वाढलेल्याला दुःखिताला जवळ करण्यात देव पाहण्याची गोष्ट नवी नव्हतीच.

त्यापेक्षा लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी मला इथल्या मातीत अधिक खोल रुजलेला वाटतो. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी ओलांडून जातात. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवत नसत. ही गोष्ट प्रवचनात बहुतेक वेळा देणाऱ्याच्या दयेची म्हणून सांगितली जाते. मराठवाडा आणि नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पूर्वज बहुसंख्येनं महार आणि मांग वस्त्यांमधून आले. वेशीबाहेर राहणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा तिच्यातला देणारा हा त्यांच्यासारखाच, ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं असा माणूस होता. दान फक्त वरून खाली येतं, ही समजूत तिथंच मोडते. शिवाय तो शोमरोनी जखमा बांधून, जनावरावर बसवून, धर्मशाळेत नेऊन, मालकाला पैसे देऊन, जास्त खर्च झाला तर परत येताना चुकता करीन म्हणून सांगतो. किती साधा, व्यवहारी चांगुलपणा आहे हा! भावनेच्या भरात केलेलं यात काही नाही.

जालना रोडचा जालन्याकडचा इतिहास इथं सांगितलाच पाहिजे. चिकलठाण्याहून सरळ पुढं गेलं की पन्नास-साठ किलोमीटरवर जालना, आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ते वसवलं. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे ब्राह्मण गृहस्थ, ज्यांच्या धाकट्या भावाच्या म्हणजे श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणानं त्या काळची मुंबई ढवळून निघाली होती. स्कॉटिश मिशनतर्फे ते जालन्याला आले आणि प्रामुख्यानं मांग समाजातल्या लोकांमध्ये राहिले. निजामाच्या राज्यात सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी घरं, विहिरी, शाळा आणि प्रार्थनामंदिर असलेलं गाव उभं केलं. गावकीच्या कामांत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या माणसाला स्वतःचं घर आणि स्वतःचं शेत मिळणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! त्याच सुमारास औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रेव्हरंड रतनजी नवरोजी हे पारशी घराण्यातून आलेले पाळक पाहत होते. मराठवाड्यातलं मिशनचं काम गोऱ्या साहेबांनी केलं, हे अर्धंच खरं आहे. पायपीट, रोजची विचारपूस, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मुलांना अक्षरं गिरवायला लावणं, ही कामं देशी पाळक, मास्तर आणि ‘बायबल बायां’नी केली. त्यांची नावं अहवालांतही धड उतरली नाहीत.

बेथेलची दुसरी बाजूही आहे. गावकीपासून सुटका झाली, तशी गावापासून फारकतही झाली. मिशनच्या आवारातलं जगणं सुरक्षित होतं, पण ते मिशनच्या आधारानं उभं होतं. विलायतेहून येणारा पैसा आटला की मंडळी पोरकी होत. ना. वा. टिळकांना हे फार बोचलं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केल्यावर १९१७ साली त्यांनी ते सोडलं, एक प्रकारचा संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. पगारावर चालणारी सेवा आणि परक्या पैशावर चालणारी मंडळी या भूमीत रुजणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. दोनच वर्षांनी, १९१९ साली ते गेले. दरबार फार वाढला नाही, पण त्यांनी मांडलेला प्रश्न अजून संपलेला नाही.

दुसरा प्रश्न हेतूचा. तो टाळून हा आढावा पुरा होणार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगर भागात मिशनच्या लोकांनी हजारोंना जगवलं. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांना त्या मदतकार्याबद्दल कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षांत ख्रिस्ती झालेल्यांची संख्याही वाढली. भुकेल्याला भाकरी देऊन त्याचा धर्म घेतला, हा आरोप तेव्हापासून आहे. गांधीजींनी मिशनऱ्यांच्या सेवेचं कौतुक केलं आणि तिच्यामागच्या धर्मांतराच्या हेतूवर सडकून टीकाही केली. १९५६ साली मध्य प्रदेशातल्या नियोगी समितीच्या अहवालानं हा वाद सरकारी पातळीवर नेला. मला या आरोपाचं एक अंग खरं वाटतं. उपाशी माणसाच्या पुढ्यात ताट ठेवताना देणाऱ्याच्या मनात दुसरा हिशेब असेल, तर ते देणं ख्रिस्ताच्याच शिकवणुकीला सोडून आहे. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं तो डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. तिथं जनगणनेच्या रकान्याला जागा नाही. पण आरोप करणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली. वेशीबाहेरच्या माणसानं ज्या घरात त्याला बसायला सांगितलं ते घर आपलं मानलं, तर त्याला आमिषाला भुललेला म्हणणं हा त्याच्या विचारशक्तीचा अपमान आहे. तो फक्त भाकरीचा भुकेला नव्हता.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे सगळे ताण एकवटलेले दिसतात. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांसाठी घर आणि शाळा. जातीचे नियम पाळू इच्छिणाऱ्या मुलींच्या स्वयंपाकाची वेगळी सोय त्यात होती. रमाबाई पहाटे प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली ‘केसरी’नं रान उठवलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर तेव्हा झालेल्या टीकेत सगळंच खोटं नव्हतं, पण आपल्या घरात आपली प्रार्थना लपवून करण्याची अपेक्षाही न्याय्य नव्हती.

त्या सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीची गोष्ट मला या वादाहून मोठी वाटते. गोदूबाई जोशी. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा त्याच्यासाठी वर्गणी गोळा करत बाया गावोगाव हिंडल्या. रमाबाईंनी जे एका विधवेला दिलं ते शेकडो विधवांपर्यंत पोचलं, आणि तेही चर्चच्या कुंपणाबाहेर. मघाशी म्हटलेली पारख ती हीच. मिळालेलं पुढं गेलं का, ते कुठल्या धर्माच्या नावावर जमा झालं याची फिकीर न करता गेलं का?

केडगावच्या मुक्तिसदनातही तेच दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बाया घेऊन आल्या. काही वर्षांत ही संख्या दीड-दोन हजारांवर गेली. एवढ्या बायकांना नुसतं सांभाळलं नाही, तर शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, शिवणकाम आणि छपाई त्यांच्याच हाती दिली. अंध मुलींसाठी ब्रेल आलं, ते रमाबाईंची मुलगी मनोरमा शिकून आली म्हणून. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराचे खिळे जुळवणाऱ्या आणि पानं छापणाऱ्याही याच बायका होत्या. १९२२ साली रमाबाई गेल्या, १९२४ साली हे बायबल प्रसिद्ध झालं. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलीनं धर्मग्रंथाचा फर्मा जुळवावा, यात श्रद्धा आणि रोजचं काम यांच्यात रेघ ओढायला जागाच राहत नाही.

ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट वेगळी. त्यांच्याकडे संस्था नव्हती, संसार होता, तोही सतत ओढाताणीचा. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला आठवत असेल की ख्रिस्ती होण्याच्या आधीच त्यांनी मनातल्या मनात सोवळं-ओवळं सोडलं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. १९०० साली बाप्तिस्मा झाला, पण खरं परिवर्तन त्या पाण्याच्या तांब्यापाशी होऊन गेलं होतं. नंतर त्यांच्या घरात परकी मुलं वाढली, येणारा-जाणारा जेवला, आणि हे सगळं त्यांनी इतक्या सहजतेनं लिहिलं की त्यातलं धाडस पटकन लक्षातच येत नाही. धर्मशास्त्राचे मोठे ग्रंथ मराठीत कमी असतील, पण रोजच्या जगण्यातली श्रद्धा कशी असते हे कळायला मला ‘स्मृतिचित्रे’च्या चार भागांइतकं दुसरं काही सापडलेलं नाही.

या आढाव्यात सर्वाधिक जागा जामखेडला द्यायला हवी. बीड जिल्ह्याला लागून असलेला हा नगर जिल्ह्यातला तालुका मनानं मराठवाड्याचाच आहे, तसाच कोरडा, तसाच स्थलांतराचा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात काही वर्षं काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की बरे करून घरी पाठवलेले रोगी तेच आजार घेऊन परत येतात. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू, धनुर्वात. औषधाच्या बाटलीनं हे थांबणार नव्हतं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते १९७० साली परतले आणि जामखेडला व्यापक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

पुढचं सगळं नवल गावातल्या बाईचं आहे. शिकलेल्या नर्सना खेड्यात राहणं जमेना, आणि खेड्यातल्या बायकांना त्यांचा विश्वास वाटेना. तेव्हा गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी, असं ठरलं. या बाया बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन शिकायचं आणि गावी जाऊन करायचं. साखर-मिठाचं पाणी, लसीकरण, बाळंतपणात स्वच्छ ब्लेड आणि उकळलेला दोरा, मुलांचं वजन, कुष्ठ आणि क्षयाची लक्षणं ओळखणं. जिच्या सावलीचा एके काळी विटाळ होत होता, तिला मराठ्याच्या घरची सून अडल्यावर रात्री बोलावणं येऊ लागलं. जातीविरुद्धचं भाषण कुणी दिलं नाही, बाळ सुखरूप जन्माला आलं. विहिरींबाबतही असंच झालं. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत निघतील, असं पाहिलं गेलं. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिथं जावं लागणार होतं.

प्रकल्पाच्या गावांत सत्तरच्या सुरुवातीला हजारी पावणेदोनशेच्या घरात असलेला अर्भकमृत्यूचा दर दोन दशकांत तिशीच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या लोकाधारित आरोग्यकामाचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार मांडला गेला त्यामागच्या उदाहरणांमध्येही ते होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली पद्मभूषण. २००५ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या, त्यांची एक मुळी जामखेडपर्यंत पोचते. मुक्ताबाई पोळ यांच्यासारखी खेड्यातली आरोग्यसेविका वॉशिंग्टनला जाऊन परिषदेत बोलून आली. मेबल १९९९ साली, रजनीकांत २०११ साली गेले.

आरोळे आपली श्रद्धा लपवत नसत. आपण हे का करतो असं विचारलं तर ख्रिस्ताचं नाव घेत. पण जामखेडच्या कामात धर्मांतराची अट नव्हती आणि ते मोजलंही गेलं नाही. मला ती श्रद्धेची कमतरता वाटत नाही, तिची परिपक्वता वाटते. बेथेलमध्ये माणसाला जुन्या गावातून बाहेर काढून सन्मान द्यावा लागला. जामखेडला त्याच गावात, त्याच वेशीच्या आत तो मिळाला, आणि देणारी होती कालपर्यंत बाहेर ठेवलेली बाई. जवळपास शंभर वर्षांच्या अंतरावरची ही दोन कामं शेजारी ठेवली की मराठी ख्रिस्ती चांगुलपणानं केवढा पल्ला गाठला ते दिसतं.

फादर हर्मन बाखर यांचं काम याच वाटेवरचं. १९४८ साली भारतात आलेले हे स्विस जेझुइट नगर जिल्ह्यात ‘बाखरबाबा’ झाले. दुष्काळात धान्य वाटून वाटून थकल्यावर त्यांनी पाण्याकडे मोर्चा वळवला. नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या मदतीचा इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह स्थापन केलेली ‘वॉटर’ संस्था, यांतून शेकडो गावांचे डोंगरउतार बांधले गेले. अट एवढीच, की गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. २०२१ साली बाखरबाबा गेले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून तोच मार्ग धरला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा एका धर्मगुरूच्या निवडीवरून विरोधाचे सूर उठले.

एवढी मोठी नावं घेतली की सामान्य माणूस मागं सरकतो. आपल्याला जामखेड उभारायचं नाही, असं म्हणून सुटतो. म्हणून लहान गोष्टींचा विचार वेगळा करायला हवा. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात चोविसाव्या वर्षी, १८९७ साली वारलेल्या तेरेझानं कुठलीच संस्था काढली नाही. चिडखोर सोबतिणीशी नीट वागणं, धुण्याच्या वेळी अंगावर उडणारं घाण पाणी सोसणं, असल्या गोष्टींत तिनं देवाकडे जाणारी लहान वाट पाहिली. चर्चनं पुढं तिला आपल्या आचार्यांमध्ये बसवलं. पोप फ्रान्सिस २०१८ मध्ये शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांबद्दल लिहीत होते ते याच अर्थानं. मिझोरममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ख्रिस्ती बायका दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, आणि गरीब घरांतल्या या मुठींवर तिथलं मोठं काम चालतं. आपल्याला यात परकं काही नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं मुष्टिफंडावरच शिकली.

आता पुन्हा चिकलठाणा. इथल्या कारखान्यांत आणि खोल्यांमध्ये जालना, बीड, परभणी, नगरकडून आलेली कुटुंबं आहेत. त्यांत ख्रिस्तीही आहेत, कुणी कॅथलिक, कुणी उत्तर भारत मंडळीचे, कुणी नव्या प्रार्थनाघरांना जाणारे. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला, त्याआधी १९७० साली नागपूरला प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी झाली. पण एमआयडीसीतल्या कामगाराचा दिवस धर्मप्रांतावर ठरत नाही, पाळीवर ठरतो. तिथं चांगुलपणा म्हणजे काय?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक असंच विचारायला आले होते. जकातदारांना त्यानं ठरल्याहून जास्त वसूल करू नका म्हणून सांगितलं, शिपायांना लोकांना छळू नका आणि पगारात भागवा म्हणून सांगितलं. कुणालाही नोकरी सोडून रानात ये म्हटलं नाही. जक्कयाच्या घरी येशू जेवला तेव्हा जक्कयानं लुबाडलेल्याच्या चौपट परत करायचं जाहीर केलं. शुभवर्तमानातल्या श्रद्धेचा असा थेट हिशेबाशी संबंध आहे. सुपरवायझर ख्रिस्ती असेल तर त्याच्या हजेरीपटात ठेक्यावरच्या मजुराचा ओव्हरटाइम खरा लिहिला जातो का, हे त्याच्या भक्तीचं मोजमाप आहे. मशीनचं गार्ड निखळलेलं असताना नव्या पोराला त्यावर उभं न करणं, पीएफ आणि ईएसआयचे कागद ज्याला वाचता येत नाहीत त्याला ते समजावून सांगणं, बोट गेलेल्या कामगाराबरोबर दवाखान्यात जाणं आणि नंतर भरपाईच्या अर्जापर्यंत त्याच्यामागं उभं राहणं. शोमरोन्याच्या गोष्टीतली धर्मशाळा आणि परतीच्या वाटेवर चुकता करायचा खर्च, हे आजच्या भाषेत एवढंच आहे.

मिनी घाटीत २०२० साली शहरातले सुरुवातीचे कोविड रुग्ण दाखल झाले. सख्ख्या माणसांना जिथं आत जाता येत नव्हतं तिथं नर्स, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार उभे होते. महाराष्ट्रात परिचर्येचं काम घाण आणि हलकं मानलं जात होतं तेव्हा ख्रिस्ती मुलींनी ते उचललं. आज सगळ्या समाजांतल्या मुली त्यात आहेत, आणि हे कामही असं पुढं गेलं म्हणून मला त्याचा आनंद वाटतो. कोविड ओसरला, तरी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात खेड्यातून आलेला नातेवाईक आजही गोंधळलेला असतो. केसपेपर कुठं, रक्त कुठून आणायचं, रात्री कुठं झोपायचं? त्याला वाट दाखवायला धर्मशास्त्र लागत नाही, संध्याकाळचा एक तास लागतो.

आपल्या मंडळ्यांना मात्र एक अवघड गोष्ट आरशात पाहावी लागेल. जात चर्चच्या दारात थांबलेली नाही. लग्नं जुळवताना, कमिटीच्या निवडणुकीत, दफनभूमीतही ती आत येते. मिशनच्या जमिनींवरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडणाऱ्या मंडळ्या बाहेरच्यांना प्रेम काय शिकवणार? दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलतींतून वगळला जातो. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या मिळाल्या. मराठवाड्यात एकाच भावकीतलं बौद्ध घर आणि ख्रिस्ती घर शेजारी असतं. एकाच्या मुलाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते, दुसऱ्याच्याला नाही. जात दोघांनाही चिकटलेली असते. या अन्यायाविरुद्ध बोलणं हाही चांगुलपणाचाच भाग आहे. शोमरोनी एकाच माणसाला वाचवून पुढं गेला. रोज त्याच वळणावर माणसं लुटली जात असतील तर रस्त्यावर दिवे लावायची मागणी कुणीतरी करायला हवी.

माझी सूचना छोटी आहे. बऱ्याच मंडळ्यांत महिला मंडळ आठवड्यातून एकदा जमतं, गीतं होतात, प्रार्थना होते, आजाऱ्यांची नावं वाचली जातात. त्यानंतरचा अर्धा तास जामखेडच्या धर्तीवर शिकण्याला द्यावा. रक्तदाब मोजणं, साखर तपासणं, गरोदर बाईच्या धोक्याच्या खुणा, भाजल्यावर आणि कापल्यावर काय करायचं, ईएसआयचा फॉर्म कसा भरायचा, मारहाण होणाऱ्या बाईनं कुठं जायचं. शिकवायला मंडळीतच निवृत्त नर्स असतात. शिकायला मंडळीतल्या बायका असाव्यातच, शिवाय त्या चाळीतल्या, त्या गल्लीतल्या कुठल्याही धर्माच्या असाव्यात, आणि दोन-चार महिन्यांनी त्यांच्यातलीच एखादी शिकवायला उभी राहावी. त्यासाठी दशांशातून एक रक्तदाबाचं यंत्र, एक ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांची पाकिटं घ्यावीत, आणि ती पाळकांच्या कपाटात न ठेवता त्या गल्लीतल्या एका घरात ठेवावीत.